दीड महिन्याचे चार दिवस

शुभांगीला सरकारी नोकरीतून एकदा तरी घरच्यांचं भलं करायचं होतं. त्यात लबाडी काही नव्हती. कोणत्या धंद्यांच्या अडचणींवर संशोधकांना सरकारी निधी द्यायचा, हे ठरवणाऱ्या धोरणाचा मसुदा नाशिकच्या ऑफिसात तिच्याच टेबलावर होता. यादीत द्राक्षं होती, कांदा होता. तिनं त्यात पैठणीची भर घातली. येवल्यात तिची आई, गोजराबाई, तीस वर्षं मागावर वाकून पैठण्या विणत होती आणि आता उठताना भिंत धरत होती.

"विणकराची पाठ वाचवणारा माग," असं तिनं पैठणीपुढं लिहिलं.

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "पाठ मोजणार कशी, मॅडम? उद्दिष्ट आकड्यात पाहिजे. नाहीतर वरचे लोक पैठणीच उडवतील."

आकडा एकच हाताशी होता. आईला एक साडी विणायला दीड महिना लागायचा. शुभांगीनं पाठ खोडली आणि लिहिलं, 'साडीचा वेळ दीड महिन्यावरून चार दिवसांवर आणणे.' निदान पैठणी यादीत तरी राहील, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. शिकली-सवरलेली माणसं अशीच फसतात.

वर्षभरात एका नव्या कंपनीनं निधी घेतला आणि चार दिवसांत साडी विणणारं यंत्र बनवलंही. येवल्यातच ते सगळ्यांना दाखवायचं ठरलं. गोजराबाई ठेवणीतलं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसली होती आणि दिसेल त्याला सांगत होती, "हे समदं माझ्या पोरीनं लिहिलंय."

यंत्र सुरू झालं. पदरावर मोर भराभर उमटायला लागले. गोजराबाईला काम देणारा व्यापारी पुढं झाला, कापड चिमटीत धरून पाहिलं आणि अशी किती यंत्रं मिळतील असं विचारत कंपनीच्या माणसाला हाताला धरून बाजूला घेऊन गेला. आईचं काम आता यंत्राकडे जाणार, हे शुभांगीला कळलं. तक्रार करायची तरी कुणाकडे? मसुदा तिचाच होता. साहेब तर जोरजोरात टाळ्या वाजवत होते.

गोजराबाई उठली. कमरेवर हात ठेवून तिनं यंत्राला पूर्ण फेरी मारली, मग लेकीजवळ आली.

"लय भारी झालं गं शुभे. पण ह्याच्यात मी बसायचं कुठं?"

शुभांगीनं भिंतीकडेची एक प्लास्टिकची खुर्ची ओढून आणली आणि आईला तिच्यावर बसवलं. त्याहून जास्त काही करणं तिच्या हातात उरलं नव्हतं.