एका चादरीचे दोन पगार

दोन्हीकडच्या सरकारांनी सरहद्दीवरचं फाटक काढलं आणि आता कामाचा बाजार एकच, असं जाहीर केलं. बाजार एक झाला, पगार तेवढे दोन राहिले. घाई कशाला!

आमच्या लाँड्रीत हॉटेलांच्या मोठाल्या चादरी येतात. घडी घालायला दोघी लागतात. एका टोकाला मी, दुसऱ्याला माझी सून. एक दिवस मालकाने पल्याडची एक बाई आणून उभी केली, सुनेच्या अर्ध्या पगारात.

"हिला शिकवा. महिनाअखेर सुनेला सुट्टी," म्हणाला. "निकोप स्पर्धा आहे, बाई."

निकोप! एकीला उपाशी पळवायचं, दुसरीला हाकलायचं, आणि शिट्टी वाजवायला हा.

सून घरी येऊन रडली. मुलगा माझा तिसऱ्याच देशात स्वस्तात राबतो आणि तिथल्या लोकांच्या शिव्या खातो. तिथे तो पल्याडचा. घर चालायचं ते आम्हा दोघींवर.

मी फारशी शिकले नाही, पण अक्कल काही शाळेत वाटत नाहीत. पल्याडचीला गाठलं.

"का गं, अर्ध्या पगारात अख्खी चादर ओढतेस?"

"मावशी, पोरं आहेत घरी. जास्त मागितलं तर मला ठेवतील कशाला?"

"मागू नकोस. नुसतं अर्धं ओढ."

घडी सरळ बसायची तर दोन्ही टोकांना सारखा ताण लागतो. मी ओढायची, ती नुसती धरायची. चादरी अशा तिरक्या बसल्या, की हॉटेलवाल्याने गठ्ठेच्या गठ्ठे परत धाडले. मालक धावत आला.

"हे काय चाललंय?"

"स्पर्धा," मी म्हटलं. "पगार तिरका, तर घडी तिरकी. सारखा द्या, सारखं ओढेल."

कुरकुरत का होईना, कबूल झाला. मी मनात म्हटलं, जिंकलीस गं! सारख्याच पैशात परकी कोण ठेवतंय?

"ठीक आहे," मालक म्हणाला. "आता पगाराचा प्रश्नच मिटला. मग चांगल्या हाताच्या दोघी ठेवतो. तुम्ही आणि ही. सुनेचा हात संथ आहे. तुम्हीच दिवसभर ओरडता तिच्यावर."

ओरडते तर! सून आहे, कौतुक करू की काय?

पल्याडची मान खाली घालून उभी. तिला शिव्या द्याव्यात म्हणून मी तोंड उघडलं, पण एकही लागू पडेना.

"माझं टोक सुनेला द्या," मी म्हटलं. "मी घरी बसते. आणि हा त्याग-बिग नाही, कंबर धरलीय माझी."

जुनी म्हणून माझा पगार चार पैसे जास्त होता. मालकाने तोंडदेखलं वाईट वाटून घेतलं आणि लगेच हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सून पाय आपटत घरी आली.

"आई, ती बया! सगळ्यांसमोर तीनदा घडी मोडायला लावली. म्हणे कोपरा ढिला. अगदी तुमचाच अवतार!"

"मग ऐक तिचं," मी म्हटलं. "कामाची बाई आहे. उगाच नाही मी तिचा पगार वाढवून घेतला."