घोडीच्या खांद्याची जागा

म्हातारा दोन्ही तळहात भिंतीला लावून पुढे सरकत होता आणि त्याची लेक मागून बोलत सुटली होती. नजर अधू झाली म्हणून काय झालं, बाबांना सगळं ऐकवलंच पाहिजे! जन्मभर त्यांनी या दगडी तबेल्यात घोडे सांभाळले, आणि त्याच तबेल्याची दुरुस्ती आता तिनं, वास्तुविशारद झालेल्या त्यांच्या लेकीनं, जीव ओतून केली होती. उद्या तो लोकांसाठी उघडणार होता. त्याआधी बाबांनी यावं, खूश व्हावं, एवढीच तिची हौस.

“कमानी होत्या तशाच ठेवल्यात, बाबा. गव्हाणीही जुन्याच. पाणी वाहून जायला फरशीला उतार होता ना, तोसुद्धा हलवला नाही.”

“छान केलंस गं.”

पण हात काही थांबेनात. शेवटच्या गव्हाणीपाशी तो दगडांवरून पुन्हा पुन्हा बोटं फिरवू लागला.

“काय शोधताय?”

“माझ्या घोडीची जागा. खाज सुटली की इथंच कुठंतरी खांदा घासायची. घासून घासून दगड नुसता गुळगुळीत झाला होता. ती गेल्यावरही मी येऊन हात लावून जायचो.”

लेकीला आठवलं. तो काळपट, तेलकट पट्टा! गवंडी विचारायला आला होता, “ताई, हा राहू द्यायचा का?” आणि ही घाईघाईत म्हणाली होती, “डाग आहे तो. छिन्नी लावा, सगळं एकसारखं करा.” स्वतःच्या तोंडानं! दगड न् दगड तपासणाऱ्या बाईला तिथं घोडे उभे राहायचे हेच सुचू नये, काय म्हणावं या शहाणपणाला?

“बाबा, ते... मीच...”

तिनं पदरानं नाक पुसलं.

म्हाताऱ्याचे हात थबकले. मग तो वळला, चाचपडत समोरच्या भिंतीशी गेला आणि छातीच्या उंचीवर तळवा टेकवला.

“अगं, ही काय! सापडली. मीच खुळा, भलत्या बाजूला हुडकत बसलो. बघ, कशी गुळगुळीत आहे.”

ती भिंत मागेच ढासळली होती. नवा दगड आणून तिनंच ती उभी करून घेतली होती.

ती जवळ गेली. त्याच्या हाताशेजारी तिनं आपला हात ठेवला. दगड खरखरीत होता, बोटांना टोचत होता.

“हो, बाबा,” ती म्हणाली. “आहे खरी.”