अर्जावरचा चौदावा रकाना

रक्तपेढीतल्या त्या बैठकीत रक्ताबद्दल कुणीच बोललं नाही. पाऊण तास एका ओळीवर वाद चालला होता.

ती ओळ शुभेच्छांची होती. थंडीच्या सुट्ट्या लागल्या की शाळा, कचेऱ्या बंद होतात, माणसं बाहेरगावी जातात आणि रक्तदाते कमी होतात. म्हणून त्या सुमाराला नेहमीच्या दात्यांना पेढीकडून एक कार्ड जायचं. वर सणाच्या शुभेच्छा आणि खाली, ‘आपले तीन महिने पूर्ण झाले आहेत, सवडीने यावे.’ एकोणीस वर्षं ही कार्डं नोंदणीच्या टेबलावरचे कारकून हाताने लिहीत आले होते. सगळे त्यांना नाना म्हणत. नाना स्वतःच्या घरी जी शुभेच्छा देत, तीच कार्डावर लिहीत. त्यात त्यांना कधी काही वावगं वाटलं नव्हतं.

पण त्याच पंधरवड्यात तीन वेगवेगळ्या श्रद्धांचे तीन सण येत. गेल्या वर्षी अकरा जणांनी कार्ड परत पाठवलं. एकाने मागच्या बाजूला लिहिलं होतं, ‘हा आमचा सण नाही. आमच्या सणाला तुम्ही कधी आठवण काढलीत?’

नाना दुखावले होते. इतकी वर्षं मनापासून लिहिलं, त्यात आताच खोट दिसली का, असं त्यांनी विचारलं. पेढीचे डॉक्टर भांडणाला घाबरणारे. त्यांनी मधला मार्ग काढला की सरळ ‘ऋतुबदलाच्या शुभेच्छा’ असं लिहावं.

“म्हणजे सर्दी-खोकल्याच्या,” नाना म्हणाले.

हसले सगळे, पण हसून झाल्यावर वाद होता तिथेच होता.

तेव्हा लॅबमधल्या ताई बोलल्या. रुग्णाचं आणि दात्याचं रक्त एकत्र करून ते जुळतं की गुठळ्या धरतं हे पाहण्याचं काम ताईंचं. बावीस वर्षांत त्यांच्या हातून एकही चुकीची पिशवी गेली नव्हती. ताईंची श्रद्धा नानांहून वेगळी होती. ती कार्डं टपालात पडताना त्या दर वर्षी पाहत आणि काहीतरी खुपायचं, पण बोलल्या कधी नव्हत्या. आता त्या शांतपणे म्हणाल्या की ज्याला त्याला त्याच्याच सणाची शुभेच्छा पाठवावी, म्हणजे तक्रारीला जागा उरणार नाही. त्यासाठी दाता कोणत्या श्रद्धेचा आहे ते ठाऊक हवं. नावावरून अंदाज केला तर चुकू शकतो आणि अंदाज चुकला की माणूस जास्त दुखावतो. म्हणून अर्जात एक रकाना वाढवावा. भरायचा की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं.

अर्जात तेरा रकाने होते. नाव, वय, वजन, आधीचे आजार, चालू औषधं असे. चौदावा छापायला चार दिवस लागले.

नाना एवढंच म्हणाले, “माझ्या दात्यांच्या नोंदींच्या खोक्यात ए, बी, एबी आणि ओ असे चार कप्पे आहेत. पाचवा कप्पा कुठे ठेवू ते ताईंनी दाखवावं.”

वाचकहो, ताईंचं म्हणणं आपल्याला तरी चूक वाटलं असतं का? त्यात कुणाचा द्वेष नव्हता. सगळ्यांना समान मान मिळावा, तोही बिनचूक, एवढीच त्यांची इच्छा होती. त्या बैठकीत आपण असतो तर आपणही मान डोलावली असती.

त्या दिवसापासून नाना आणि ताईंचं बोलणं कामापुरतं उरलं. चारच्या सुमाराला दोघं खिडकीशी उभं राहून चहा घेत, तो नाना आपल्या टेबलापाशी बसून एकटे घेऊ लागले.

या पेढीवर एका मुलीचा जीव अवलंबून होता. मुलगी अकरा वर्षांची. तिच्या शरीरात धड रक्त तयार होत नसे. दर तीन आठवड्यांनी तिला एक पिशवी लागे. तुरुतुरु चालते म्हणून नानांनी तिचं नाव मुंगी ठेवलं होतं. पण तिसरा आठवडा संपत आला की हीच मुंगी आईच्या खांद्यावर डोकं टाकून यायची. वर्षानुवर्षं दुसऱ्यांचं रक्त घेऊन तिचं शरीर हट्टी झालं होतं. गट जुळला तरी बहुतेकांचं रक्त ते नाकारायचं. पेढीच्या सहा हजार दात्यांमधून ताईंनी दोन वर्षं एकेक नमुना तपासून तिला चालणारे चार जण शोधले होते. एका माणसाला वर्षातून चार वेळा रक्त देता येतं. चार जणांच्या सोळा पिशव्या. मुंगीला लागत सतरा. सतरावी ताई दुसऱ्या शहरातल्या पेढ्यांना फोन करकरून मिळवत. हा हिशेब त्यांच्या डोक्यात सतत चालू असे.

त्या चौघांपैकी सगळ्यात भरवशाचा दाता म्हणजे कुलुपं आणि किल्ल्या करणारे एक गृहस्थ. पेढीत त्यांना कुलूपवाले म्हणत. एकसष्ट वेळा रक्त दिलेला माणूस. आपलं रक्त कुणाला जातं हे त्यांना ठाऊक नव्हतं. दात्याला रुग्ण सांगायचा नाही आणि रुग्णाला दाता, असा नियमच आहे.

मुंगीचा तिसरा आठवडा संपायला चार दिवस होते, त्या सकाळी कुलूपवाले आले. तेरा रकाने त्यांनी सवयीने भरले. चौदाव्यापाशी पेन थांबलं. हे काय, असं त्यांनी नानांना विचारलं. नानांच्या मनात अजून राग होता. त्यांनी लॅबच्या दाराकडे बोट केलं आणि म्हणाले, हा नियम ताईंचा, त्यांनाच विचारा.

ताई हातमोजे काढत बाहेर आल्या. त्यांनी समजावून सांगितलं की रकाना ऐच्छिक आहे, रिकामा सोडला तरी चालेल. दात्याला त्याचीच शुभेच्छा जावी, एवढ्यासाठीच तो आहे.

“मला कुणाचीही चालत होती,” कुलूपवाले म्हणाले.

ताईंनी रकाना रिकामा सोडायची पुन्हा एकदा विनंती केली.

“रिकामा सोडला तर रिकामे सोडणारे वेगळे मोजाल.” त्यांनी पेन नीट टोपण लावून टेबलावर ठेवलं. “माझं रक्त कुणाकडे जातं ते मी तुम्हाला कधी विचारलं नाही. मग ते कुठून आलं ते तुम्ही का विचारता?”

आणि ते गेले. ताईंना वाटलं, येतील. नानांनाही तसंच वाटलं. दुसऱ्या दिवशी कुणी आलं नाही. उरलेल्या तिघांपैकी दोघांचे तीन महिने पुरे व्हायचे होते, तिसरा तापाने पडला होता. मुंगीचं हिमोग्लोबिन साडेसहावर आलं होतं.

सुट्टीच्या दिवशी दुपारी ताई कुलूपवाल्यांच्या दुकानात गेल्या. दुकान कसलं, दोन भिंतींमधली फट. एका बाजूला छतापर्यंत खिळ्यांना टांगलेल्या किल्ल्या, दुसऱ्या बाजूला पकड लावलेलं लाकडी टेबल आणि त्यावर पितळेचा पिवळा कीस. कुलूपवाले एका किल्लीचे दाते कानशीने घासत होते. त्यांनी स्टूल पुढे सरकवलं आणि काम चालू ठेवलं.

बावीस वर्षांत न मोडलेला नियम ताईंनी मोडला. नाव न सांगता त्यांनी मुंगीबद्दल सगळं सांगितलं. चार दाते, सोळा पिशव्या, साडेसहा. कानस चालूच राहिली. ताईंना वाटलं, हे पुरेसं नाही. आणि मग त्या बोलून गेल्या.

“ती तुमच्यातलीच आहे.”

कानस थांबली.

“हे मी विचारलं का?”

“नाही. मला वाटलं की तुम्हाला...”

“की नसती तर मी आलो नसतो.”

कुलूपवाल्यांनी किल्ली पकडीतून सोडवली, उजेडात धरून पाहिली.

“खरंच आहे का ती आमच्यातली?”

“माहीत नाही,” ताई म्हणाल्या. “रुग्णांना आम्ही विचारत नाही.”

“म्हणजे तेवढं तरी अजून शिल्लक आहे.”

ताईंनी आपल्या हातांकडे पाहिलं. आजवर या हातांनी रक्तात फक्त जुळणं आणि न जुळणं पाहिलं होतं. आणि आज एका माणसाच्या दुकानात बसून, त्याच्या चांगुलपणावर भरवसा ठेवण्याऐवजी त्यांनी त्याला आमिष दाखवलं होतं. तेही खोटं. हा चौदावा रकाना कागदावर यायच्या आधीपासून आपल्यातच होता, हे त्यांना त्या स्टुलावर कळलं.

कुलूपवाले रागावले नव्हते. त्यांनी आपलं म्हणणं सावकाश सांगितलं. नानांचं पहिलं कार्ड आलं तेव्हा त्यांना वाटलं होतं, चुकून आलं असेल. दुसऱ्या वर्षी कळलं की हा माणूस त्याच्या घरात जे चांगलं बोलतात ते आपल्याला सांगतोय. त्यात आपलं काही जात नाही. त्याचा सण त्याच्यापाशी, आपला आपल्यापाशी.

“आता तुम्ही म्हणता, मला माझी शुभेच्छा द्याल. ती माझ्या घरी आहेच की, बाई. तुमची कोणती ती कधी सांगितलीत? नानांच्या ओळीखाली तुम्हीही एक लिहायची होतीत. कार्डावर जागा होती.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता ते पेढीत हजर होते. नानांनी खालच्या खणातून तेरा रकान्यांचा जुना अर्ज काढून दिला. ताईंनी ते पाहिलं आणि पिशवी तयार करायला घेतली. मुंगीला त्या दिवशी पिशवी चढली आणि संध्याकाळी ती आईच्या पुढे पळत गेली. जाताना कुलूपवाल्यांनी ताईंना सांगितलं होतं की रकाना काढा, मी येत राहीन.

ताईंनी त्याच दुपारी डॉक्टरांना गाठलं. डॉक्टर म्हणाले, छापलेला अर्ज बदलायचा तर समितीचा ठराव लागतो. समिती सात आठवड्यांनी बसली. तोवर नवे अर्ज भरले जातच होते. नानांची ताईंनी माफी मागितली. नानांनी मान हलवली, पण कार्डं आता लिहिणार नाही म्हणाले. हात थरथरतो, असं कारण दिलं. त्यांचा हात थरथरत नव्हता, हे दोघांनाही ठाऊक होतं.

समितीच्या बैठकीत ताई उभ्या राहायच्या आधी एका सदस्याने खिशातून कागद काढला. भरलेल्या अर्जांवरून त्याने मोजदाद करून आणली होती. कोणत्या श्रद्धेच्या किती लोकांनी किती पिशव्या दिल्या. त्याच्या लोकांचा आकडा सगळ्यात मोठा होता आणि तो त्याने अभिमानाने वाचून दाखवला. दुसरा सदस्य चिडून म्हणाला की आमचे लोक रकाना रिकामा सोडतात म्हणून आकडा कमी दिसतो. तिसऱ्याने लोकसंख्येच्या प्रमाणात मोजायची सूचना केली.

ताई उभ्या राहिल्या. रकाना माझ्या सांगण्यावरून आला, त्या म्हणाल्या, आणि ती माझी चूक आहे. तो आजच्या आज काढा. ठराव झाला. तीन विरुद्ध दोन मतांनी रकाना गेला.

पण आकडे त्या खोलीत राहिले नाहीत. संध्याकाळपर्यंत ते गावभर फोनवरून फिरत होते. चहाच्या दुकानांत, बसच्या रांगेत लोक एकमेकांना विचारू लागले, तुमचे किती, आमचे किती. पुढच्या महिन्यात पेढीत येणारे दाते एक तृतीयांशाने घटले. काही जण रागाने यायचे थांबले, काही लाजेने आणि बरेचसे नुसतेच.

कुलूपवाल्यांचे तीन महिने पुरे होताच ताई नव्याने छापून आलेला कोरा अर्ज घेऊन त्यांच्या दुकानी गेल्या. तेरा रकाने त्यांना दाखवायचे होते. दुकान बंद होतं. शेजारच्या शिंप्याने सांगितलं की ते मुलीकडे राहायला गेले, दुसऱ्या शहरात. रोज कुणी ना कुणी दुकानात डोकावून टोमणा मारायचं, तुमच्या लोकांचा आकडा एवढाच कसा हो. ते उत्तर द्यायचे नाहीत. एक दिवस त्यांनी भिंतीवरच्या सगळ्या किल्ल्या उतरवून पोत्यात भरल्या.

“बासष्ट वेळा रक्त दिलंय त्यांनी,” ताई म्हणाल्या.

“कधी बोलले नाहीत,” शिंपी म्हणाला.

त्याच्याकडे पत्ता नव्हता. ताईंनी त्या शहरातल्या पेढ्यांना फोन केले. त्या नावाचा दाता कुणाकडेच नव्हता.

वाचकहो, समोरचा माणूस त्याच्या शब्दांत आपलं भलं चिंततो तेव्हा तो आपल्या श्रद्धेवर हक्क सांगत नसतो. ती शुभेच्छा घ्यावी आणि आपल्या शब्दांत आपली परत द्यावी, एवढं सोपं आहे हे. ते जमलं नाही की आपण नेमकेपणा शोधतो आणि नेमकेपणासाठी माणसांच्या याद्या करतो. यादी करणाऱ्याचा हेतू कितीही स्वच्छ असो, ती वाचणाऱ्याचा तसाच असेल याची हमी कुणी देऊ शकत नाही. रकाना खोडता येतो. एकदा मोजलेली माणसं मात्र पुन्हा न मोजलेली होत नाहीत. ताईंना हे समजलं, आणि समजून काहीही परत आलं नाही.

मुंगीला आता तीनऐवजी चार आठवड्यांनी रक्त मिळतं. चौथ्या आठवड्यात ती शाळेत जात नाही. पुढची तारीख मंगळवारची आहे. पिशवी अजून मिळालेली नाही.