ती येईपर्यंत बंद

मी एक जुनं पितळी कुलूप आहे. आधीच सांगून ठेवतो, मित्रांनो, माझ्यासाठी हळहळायला आला असाल तर वाट चुकलात. माझ्या दांड्यावर करवतीची खाच आहे आणि ती मी मिरवतो.

माझा जन्म एका धुरकट कारखान्यात झाला. वितळलेलं पितळ साच्यात ओतलं, कानशीने घासलं, पोटात स्प्रिंगा बसवल्या, वरून पोलादी दांडा घातला आणि मला दुकानातल्या खिळ्यावर टांगलं. तिथे एका बाईने मला हातात घेऊन तोलून पाहिलं. दुकानदार म्हणाला, "ताई, जड आहे हो ते. हलकं दाखवू का?"

"जडच द्या. त्याला दोन नोकऱ्या करायच्यात."

खरंच होतं ते. ती साबणाच्या कारखान्यात वड्या कापायच्या मशीनवर होती, शिफ्टमध्ये. शिवाय राखीव सैन्यातही होती. म्हणजे एरवी घरी, पण सरावाचं बोलावणं आलं की गणवेश चढवून छावणीत हजर. कारखान्यात मी तिच्या लॉकरला लटकायचो, छावणीत तिच्या ट्रंकेला. अंगाला कधी साबणाचा वास, कधी बंदुकीच्या तेलाचा. मशीनवरच्या बायका तिला 'कॅप्टन' म्हणून चिडवायच्या. होती साधी शिपाई, पण तीही खुशाल सलाम ठोकायची.

हाल काय कमी होते? छावणीतून आली की लेक आधी रुसून बसायची, मग गळ्यात पडायची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळची शिफ्ट असायचीच. छावणीतला हवालदार तपासणीत मला ओढून बघायचा आणि म्हणायचा, "कुलूप दमदार आहे." मी फुगायचो. कारखान्यात मात्र मला कुत्रं विचारत नव्हतं.

कारखान्यात एक न लिहिलेली रीत होती. लॉकरला कुलूप असलं की माणूस कामावर आहे. कुलूप निघालं की माणूस गेला. जुन्या साहेबांना आमची ये-जा ठाऊक होती. मग नवा शिफ्ट-इनचार्ज आला. त्याच्याकडूनच रजा घेऊन, मला बॅगेत टाकून ती छावणीला गेली. परत आलो तर लॉकरला भलतंच कुलूप आणि मशीनवर भलतीच बाई!

इनचार्ज म्हणाला, "लॉकर उघडा दिसला. मला वाटलं, सोडलीस नोकरी."

"साहेब, रजा तुम्हीच दिली होती ना?"

"दिली होती गं. पण एक काय ते ठरव आता. धड इथे नाहीस, धड तिथे नाहीस."

त्याने तिला गोण्या भरायला पाठवलं. मशीन आणि लॉकर परत मिळवायला ती अख्खा हिवाळा भांडली. ती दोन्ही परत मिळेपर्यंत मी तिच्या पिशवीत पडून चडफडत होतो.

पुढचं बोलावणं आलं तेव्हा ती लॉकरसमोर उभी राहिली. मला दाबून बंद केलं, खेचून पाहिलं आणि म्हणाली, "तू इथेच थांब. मी येणार आहे म्हणून सांग यांना." ट्रंक दोरीने बांधून ती गेली. त्यावरून छावणीत तिने बोलणी खाल्ली, हे मला मागाहून कळलं.

थोड्याच दिवसांत इनचार्ज करवत घेऊन आला. मशीनवर कायमची दुसरी बाई घ्यायची होती त्याला. खर्र, खर्र! दुखलं, मित्रांनो. खोटं कशाला बोलू? पण मी काही साबणाची वडी नव्हतो. पातंच कटकन तुटलं.

"दुसरं पातं आणा रे!" तो ओरडला.

तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली. शेजारच्या मशीनवरच्या काकू डबा तसाच ठेवून आल्या आणि लॉकरला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"काकू, बाजूला व्हा."

"नाही होत. कुलूप दिसतंय ना? मग माणूस आहे."

"ती तिकडे बंदूक खेळतेय. इथे माल कोण काढणार?"

"आम्ही सगळ्या थोडा थोडा काढतो. ती काय मजा मारायला गेलीय?"

एकेक करत बायका काकूंच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. इनचार्जचं तोंड बघण्यासारखं झालं. करवत बगलेत मारून तो निघून गेला.

ती आली, उन्हाने रापलेली, बुटांनी पाय सोललेली. खाचेवरून अंगठा फिरवला. तिला सगळं कळलं. किल्ली लावताच मी एका झटक्यात उघडलो. आतला एप्रन चढवून ती मशीनकडे निघाली.

"पुढच्या वेळी बघतो," इनचार्ज पुटपुटला.

"बघा ना. कुलूप इथेच असेल, साहेब."

ट्रंकेसाठी तिने दुसरं कुलूप घेतलं. मी कायमचा इथला झालो.

मित्रांनो, आम्हा कुलपांच्या पोटात अधूनमधून तेलाचा थेंब सोडत जा. आणि कामावरचं एखादं माणूस काही दिवस दिसलं नाही, तर त्याची जागा मोकळी झाली असं धरून चालू नका. आजही ती छावणीत आहे. इनचार्ज सकाळीच माझ्यासमोर येऊन घुटमळून गेला. आत तिचा एप्रन आहे, आणि ती येईपर्यंत मी उघडणार नाही.