बसऱ्याहून परतलेली पखाल

मी एक जुनी पखाल आहे. पखाल म्हणजे पाणी वाहायची चामड्याची मोठी पिशवी. नाशकात मला म्हशीच्या कातड्यातून शिवले, आणि तुर्कांशी मोठी लढाई पेटली तेव्हा इंग्रज सरकारने आगबोटीत घालून इराकातल्या बसऱ्याला धाडले. तिथे मी खेचराच्या पाठीवर चढले. खेचर हाकायला होता पुंजा, दिंडोरीकडचा शेतकऱ्याचा मुलगा. मित्रांनो, त्या रखरखाटात आम्ही दिसलो की शिपायांचे चेहरे उजळत. तेवढे कौतुक मला पुन्हा मिळाले नाही.

लढाई सरली. भोक पडलेली म्हणून टाकून दिलेल्या मला पुंजाने ठिगळ लावून घरी आणले आणि माळ्यावर ठेवले. गावात तो एवढेच म्हणाला, "फौजेत होतो." गावाने आपल्या मनानेच त्याच्या हातात बंदूक दिली, आणि या भल्या माणसाने ती काही परत केली नाही! चामड्याचे काम गाव हलके मानी, म्हणून पखालीने पाणी वाहत होतो हे सांगायची त्याला लाज वाटे. मी उंदरांच्या धाकात वर्षे काढली.

यंदा तो लोकल बोर्डाच्या निवडणुकीला उभा राहिला. विरोधात देवराम. आज पुंजाची बायको बयाबाई धावत घरी आली, फौजेतली त्याची एकच खूण म्हणून मला माळ्यावरून ओढले आणि थेट चावडीवर नेऊन टाकले. देवरामने तिथे नाशकाचा टांगेवाला हबीब साक्षीला आणला होता. लढाईत पुंजा पाणी पोचवी त्या पलटणीतला हा जुना शिपाई.

"ह्याच्याकडं बंदूक कवाच नव्हती," हबीब सांगत होता. "खेचरवाला हा. आम्ही वाळूत पडलेलो, जिभा सुजलेल्या. हा येत होता, अन् अर्ध्यातून पाठ फिरवून पळाला. मैंने अपनी आँखों से देखा!"

हबीब डोळ्यांनी पाहिलेलेच सांगत होता, हीच तर पंचाईत.

"आवं, बोला की!" पुंजाकडे वळून बयाबाई रडकुंडीला आली. "जल्मभर पळपुट्याची बायको म्हनवून घेऊ का?"

पुंजाने मान खाली घातली. "बंदूक नव्हती, ते खरं हाय. मी पानी वाहायचो. ह्या पखालीला गोळी लागली, समदं पानी वाळूत गेलं. रिकामी घेऊन काय येऊ? भोक बांधून भरायला मागं गेलो."

"मग आलास?" हबीबने विचारले.

"आलो."

"कुनी पाहिलं?" देवराम हसला.

"पाहायला कुनी उरलं नव्हतं."

हबीबने माझ्या ठिगळावरून बोट फिरवले. मग म्हणाला, "गेला ते मी पाहिलं. पुढं मला जखमी म्हणून उचलून नेलं. आला का नाय, ते मी पाहिलं नाय. 'पळाला' हा शब्द मी माघारी घेतो."

देवराम चडफडला. चावडी उठली, पण कुजबुज काही उठली नाही. उद्या मतदान आहे, आणि माझा जीव थाऱ्यावर नाही.

मित्रांनो, कुणाची पाठ दिसली म्हणून लगेच त्याला नाव ठेवू नका. तो पुढे कुठे गेला, ते विचारा. आणि कळले नाही तर कळले नाही म्हणा. बसऱ्याच्या त्या वाळवंटात संध्याकाळी पुंजा मला भरून घेऊन परत आला होता. वाळूत पडलेल्या एकेकाचे डोके मांडीवर घेऊन तो माझे पाणी त्यांच्या ओठांवर सोडत राहिला. एकाच्याही घशाखाली घोट उतरला नाही.