सातव्या बॅचचा लाल उजेड

प्रयोगशाळेत सगळे त्यांना ताई म्हणायचे, कारण पीएचडीला इतकी वर्षं झालेलं दुसरं कुणी तिथे उरलं नव्हतं. त्यांचं काम सांगायला सोपं होतं. सिलिकाचे, म्हणजे काचेचेच म्हणा, गोळे करायचे. इतके बारीक की केसाच्या जाडीत हजार मावावेत. प्रत्येक गोळ्याच्या पोटात युरोपियम या धातूचं संयुग कोंडायचं. मग यूव्ही दिव्याखाली धरलं की ते लालभडक उजळायला हवेत.

पहिल्या सहा बॅच जेमतेम गुलाबी झाल्या. सातवी उजळली. अशी उजळली, की शेजारच्या टेबलावरची मुलं काम टाकून बघायला आली. मार्गदर्शक सरांनी बाटली हातात धरून फोटो काढून घेतला आणि त्याच आठवड्यात एका परिषदेत जाहीर केलं, की पद्धत हाती आली आहे.

त्यानंतर आठवी फसली. नववीही. बारावीपर्यंत ताईंच्या नाकी नऊ आले, आणि शोधनिबंध तपासणाऱ्यांनी कळवलं, की हेच तीनदा करून दाखवा.

सरांनी बैठक घेतली. "सातवीच्या दिवशी काय काय वेगळं होतं ते आठवा," ते म्हणाले. "अगदी क्षुल्लक वाटलं तरी सांगा. याला अंधश्रद्धा म्हणायचं नाही. हे व्हेरिएबल आहेत."

लगेच तक्ता तयार झाला. त्या दिवशी ताईंनी निळा कुर्ता घातला होता. डावीकडची खिडकी अर्धी उघडी होती. गोळे तयार व्हावेत म्हणून घालायचा अमोनिया ओतताना कुणीतरी शिंकलं होतं; कोण, यावर अर्धा तास वाद झाला. पुढचा आठवडाभर ताई निळ्या कुर्त्यात अर्ध्या खिडकीपाशी उभ्या राहिल्या. तेरावी बॅच गुलाबी झाली.

सरांनी त्यांना केबिनमध्ये बोलावून दार लोटलं.

"जरा खाजगी विचारतो. त्या दिवशी घरी काही?"

"सकाळी नवऱ्याशी भांडण झालं होतं," ताईंनी सांगून टाकलं.

सरांनी लिहून घेतलं. "कडाक्याचं?"

"मध्यम."

"मग ते पण करून बघा. त्यानं हाताचा वेग बदलत असेल. अमोनियाचे थेंब किती भराभर पडतात याला फार महत्त्व आहे."

ताईंचा नवरा ग्रंथपाल होता. दिवसभर हळू बोलायची सवय लागलेला माणूस. ते भांडण तरी कशावरून झालं होतं, तर त्याची अक्का चार दिवस राहायला येणार हे त्यानं परस्पर ठरवलं होतं म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी तो दाढी करून तयार होऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला.

"तू फार उशिरा घरी येतेस," तो म्हणाला.

"रोज?"

"रोज नाही. अधूनमधून." त्यानं थोडा विचार केला. "आणि त्यात तुझी काही चूक नाही म्हणा."

"अरे, असं कुणी भांडतं का?"

"मग अक्काला परत आठ दिवस बोलावून घेऊ का? त्यानं तुला राग येईल?"

ताईंना हसू आवरेना. हसतहसतच त्या कामाला गेल्या. चौदावी बॅचही गुलाबी झाली, आणि तक्त्यात 'भांडण: अपुरं' अशी नोंद झाली.

त्या दिवशी भांडी धुताना प्रयोगशाळेतले मदतनीस, ज्यांना सगळे मामा म्हणत, सहज म्हणाले, "ताई, हल्ली तुमचे डोळे फार लाल दिसतात. रडता का काय?"

"नाही हो मामा. अमोनिया झोंबतो."

"आधीचा झोंबत नव्हता."

ताईंनी हातातलं भांडं खाली ठेवलं. "आधीचा म्हणजे?"

मामा जरा घुटमळले. सहावीनंतर तुम्ही रजेवर होतात तेव्हा, ते म्हणाले, माझ्या हातून पडून अमोनियाच्या बाटलीचं बूच तडकलं. चिकटपट्टी लावून ठेवलं होतं. मग पाहणी समिती येणार म्हणून सरांनी जुन्या बाटल्या हटवून नव्या मांडायला सांगितल्या. "तुम्ही सातवी केलीत ना, त्याच्या दुसऱ्याच दिवशी."

"ती जुनी कुठे आहे?"

"वाफा ओढणाऱ्या हूडच्या खालच्या कपाटात. टाकून द्यायच्या फॉर्मवर तीन सह्या लागतात. दोनच झाल्यात."

ताईंनी बाटली काढून अमोनियाचं प्रमाण मोजलं. लेबलवर लिहिलं होतं त्याचा तिसरा हिस्साच उरला होता. बाकीचा तडकलेल्या बुचातून उडून गेला होता. ताज्या अमोनियाच्या जोरापुढे युरोपियमचं संयुग तुटत होतं आणि गोळे एकमेकांना चिकटत होते. त्यांनी नव्या बाटलीतला अमोनिया पाणी घालून तेवढाच सौम्य केला. पंधरावी बॅच उजळली. सोळावी आणि सतरावीही. सतरावीच्या दिवशी कुर्ता पिवळा होता आणि खिडकी बंद.

शोधनिबंधात सरांनी लिहिलं: 'अमोनियाच्या तीव्रतेच्या नियोजनबद्ध अभ्यासातून ही पद्धत विकसित केली.' ताईंनी ते वाक्य दोनदा वाचलं आणि राहू दिलं. वाद घालायची ताकद त्यांच्यात उरली नव्हती. मात्र शेवटच्या आभारांत त्यांनी मामांचं नाव घातलं.

"यांचं काय काम?" सरांनी विचारलं.

"नियोजन," ताई म्हणाल्या.

सरांनी नाव खोडलं. ताईंनी पाठवण्याआधी ते परत घातलं. सर आभार कधी वाचत नसत.

निबंध छापून आला तेव्हा मामांनी स्वतःच्या नावावर बोट ठेवून ते दोन-तीनदा वाचलं. पानाची घडी पडू नये म्हणून ते फाइलमध्ये घातलं.

"अजून एक प्रत मिळेल का?" त्यांनी विचारलं. "व्याह्यांना द्यायची आहे. शिकलेली माणसं आहेत, माझ्याशी फारसं बोलत नाहीत."

ताईंनी त्यांना चार काढून दिल्या.