काचेची कचेरी

मोठे साहेब घरी आले ते सुनेशी बोलायला नव्हे, सासूबाईंना गुंडाळायला. सून सरकारी बांधकाम खात्यात इंजिनियर. सरकारी इमारतीला जाड भिंती, खिडक्यांवर छज्जे हवेत, वीज कमी लागली पाहिजे, असा नियम. नव्या कचेरीला त्यातून सूट हवी होती, आणि सुनेची सही मिळत नव्हती. सही नाही तर लांबच्या गावी बदली, हे साहेबांनी चहाच्या पहिल्या घोटालाच सांगून टाकलं. पदरात वर्षाची पोर. सून दारात उभी, तोंड उतरलेलं. आता हो म्हणते की मग, अशी.

साहेबांनी सासूबाईंना ‘आई’ म्हटलं. असले आयते लेक त्यांना नवे नव्हते. मग साहेब पुढारलेल्या देशांचं पुराण लावून बसले. चहूकडून काच, दिवसभर फुकटचा उजेड, बघणाऱ्याचे डोळे दिपले पाहिजेत. नियमानं बांधलं तर म्हणे गोदाम दिसेल.

साहेबांची आत्ताची कचेरीही काचेचीच. पेन्शनच्या कामाला सासूबाई तिथे जाऊन आल्या होत्या. ऊन थेट टेबलावर येतं म्हणून कारकुनांनी काचांना वर्तमानपत्रं चिकटवलेली. त्यानं अंधार झाला म्हणून भर दुपारी सगळे दिवे चालू. एसी घरघरतोय, खिडकीपाशी बसलेले घामाघूम, आणि एसीखालची बाई मफलर गुंडाळून शिंकतेय. एवढं करायला माणसं कॉलेजात जातात, याचं त्यांना हसूच आलं होतं.

“त्या काचेतून उजेड येतो का हो?” त्यांनी विचारलं.

“तात्पुरते कागद लावलेत, आई.”

“तात्पुरते? त्यावर ज्याच्या सत्काराचा फोटो आहे, तो निवडणुकीत पडून घरीसुद्धा बसला.”

साहेबांचं हसू आटलं. “तुम्हाला यातलं काय कळणार.”

“मला नाहीच कळत. हिला कळतं, म्हणून तर सही हिची हवी तुम्हाला. वीज वाचवा म्हणून लोकांच्या दारात पाट्या ठोकता, आणि लोकांच्याच पैशानं भट्टी बांधून ती गार करत बसता. लाज तरी वाटू द्या.”

साहेब अर्धा कप टाकून उठले. सून पुटपुटली, बदली नक्की आता.

“होऊ दे. पोरीला मी सांभाळीन, तिथंही. पण त्या भट्टीत माणसं शिजतील तेव्हा कागदावर नाव तुझं असेल, त्याला मी काय करू?”

दुसऱ्या दिवशी सुनेनं नकार लेखी दिला. बदलीचा हुकूम निघाला. तिच्या जागी आलेला इंजिनियर साहेबांच्या मर्जीतला खरा, पण फायलीत तो नकार बघून त्याचाही हात आखडला. साहेबांना नाइलाजानं भिंती जाड कराव्या लागल्या.

इकडे बदलीच्या गावी निघायच्या दिवशी सुनेचा नवरा कुरकुरला, माझ्या जेवणाचं काय? सासूबाईंनी त्याला शेगडीपाशी उभं केलं, काडेपेटी हातात दिली आणि नातीला कडेवर घेऊन सुनेशेजारी गाडीत जाऊन बसल्या.